धंदा चालू ठेवून त्याची घडण कशी बदलायची: मराठवाड्यातल्या नव्या उद्योजकांसाठी

तुरीचा हंगाम होता. आमच्या डाळमिलच्या काट्यावर एका मावशींचे चार कट्टे मोजून झाले, हिशेबाची पट्टी हातात पडली आणि त्यांनी विचारलं, "क्विंटलमागं दोन किलो कडता धरलाय. हे दोन किलो जातेत कुठं?" मी नेहमीचं उत्तर दिलं: माती, ओल, घट. मावशी काही न बोलता गेल्या.

रात्री हिशेब मांडला. आमच्या गिरणीत हंगामाला साधारण ३,००० क्विंटल तूर येते. क्विंटलमागे २ किलो कडता, म्हणजे वजनातली सरसकट कपात, धरली की ६,००० किलो, आणि तेव्हाच्या ७० रुपये भावाने ४ लाख २० हजार रुपये. त्याच वर्षी आम्ही उन्हाळ्यात पाणपोई चालवली होती, शाळेत वह्या वाटल्या होत्या. दोन्हींचा खर्च मिळून ४० हजार. गावात आमचं नाव होतं ते या ४० हजारांमुळे.

मी आणि माझे दीर औसा तालुक्यात छोटी डाळमिल चालवतो. माणसांच्या आणि मातीच्या भल्याचा धंदा म्हणजे नफा झाल्यावर त्यातलं थोडं वाटणं, अशी आमची समजूत होती. त्या रात्री ती गेली. नफा जिथे तयार होतो तिथे, म्हणजे काट्यावर, पट्टीवर, उधारीच्या वहीत हात घातल्याशिवाय काही बदलत नाही. तुमचा तेलघाणा असो, खव्याची भट्टी असो, शिलाई केंद्र किंवा रोपवाटिका असो, कामाचा क्रम बहुतेक हाच राहील. कंपनी कायद्यातला सीएसआरचा (नफ्यातले २ टक्के समाजकामावर खर्च करण्याचा) नियम आपल्यासारख्यांना लागूच होत नाही. तो ५ कोटी नफा किंवा १,००० कोटी उलाढाल असल्या मापाच्या कंपन्यांसाठी आहे. आपल्याला जे करायचं ते धंद्याच्या पोटातच करावं लागतं.

ताट आणि वाटी

एक मोठा कागद घ्या. त्यावर ताट पालथं घालून गोल काढा, मधोमध वाटी ठेवून दुसरा गोल काढा. २०१२ साली केट रॉवर्थ या अर्थतज्ज्ञ बाईंनी ऑक्सफॅमसाठी हेच चित्र मांडलं. त्याला डोनट म्हणतात, मी ताट-वाटी म्हणते. वाटीच्या आत पडलेला माणूस म्हणजे ज्याला अन्न, पाणी, आरोग्य, मजुरी, मान यातलं काही कमी पडतं. ताटाबाहेर गेलेलं म्हणजे धरतीला झेपत नाही इतका उपसा आणि घाण. बाहेरच्या रेघेसाठी शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये मांडलेल्या नऊ मर्यादा घेतल्या आहेत: हवामान, गोडं पाणी, नत्र-स्फुरद, जैवविविधता वगैरे. धंदा या दोन रेघांच्या मधल्या पट्ट्यात बसवायचा.

मराठवाड्यात हे चित्र कुणाला फार समजावून सांगावं लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी (टाकीचे डबे) होत्या, प्रत्येकीत ५० हजार लिटर. त्याच पट्ट्यातून दरवर्षी मुकादमाची उचल घेऊन जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. ताटाबाहेर सांडलेलं आणि वाटीत अडकलेलं आपण एकाच गावात पाहतो.

आता सात दिवस एक वही ठेवा. रोज काय आत आलं आणि काय बाहेर गेलं ते लिहा: माल, पाणी, वीज, माणसांचे तास, कचरा, पैसा. पैशापुढे एक जादा रकाना ठेवा, "किती दिवसांनी". हा रकाना लोक सोडून देतात, आम्हीही सोडला होता. त्याची किंमत पुढे सांगते.

आमच्या वहीत निघालं ते असं. १०० किलो तुरीतून ७४ ते ७६ किलो डाळ. बाकी चुनी, टरफल, कणी आणि माती. चुनी-टरफल जनावरांना जातं, त्यात वाया काही नाही. पॉलिशच्या यंत्रात मात्र डाळीचा वरचा थर पावडर होऊन उडत होता आणि त्यासाठी वीजही जळत होती. डाळ चमकते, एवढाच त्याचा फायदा.

एक वाक्य लिहा, पण ते तुम्हाला महाग पडलं पाहिजे

"शेतकऱ्यांच्या सेवेसाठी" असलं वाक्य कामाचं नाही. ते खरं की खोटं हे कुणाला तपासता येत नाही. आमचं वाक्य असं आहे: "आमच्या काट्यावर मोजलेल्या वजनाचेच पैसे होतील, आणि मजूर व शेतकऱ्याचा पैसा त्यांच्याशी ठरलेल्या दिवसांपलीकडे आमच्या धंद्यासाठी विनाव्याज वापरला जाणार नाही." या वाक्याने आमचे पैसे जातात, म्हणूनच ते धरून ठेवावं लागतं.

वाक्य कागदावर चढवा. भागीदारी असेल तर भागीदारीपत्रात कलम घाला, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल तर करारात, कंपनी असेल तर मेमोरँडमच्या, म्हणजे स्थापनेच्या कागदाच्या, उद्देशकलमात. कंपनी कायदा २०१३ चं कलम १६६(२) बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. त्यात संचालकाने भागधारकांसोबत कर्मचारी, समाज आणि पर्यावरणाचं हितही पाहिलं पाहिजे असं स्पष्ट लिहिलं आहे. उद्या कंपनीतला एखादा संचालक म्हणाला की "आपलं काम फक्त नफा", तर हे कलम दाखवा.

काटा आणि ओलावा

नुसतं "कडता बंद" म्हणून भागत नाही. तूर खरोखर ओली येते, तिच्यात खडे-माती असते. मोजता येतं ते मोजायचं आणि मोजल्याप्रमाणे पैसे द्यायचे, हा आम्ही काढलेला मार्ग. त्याचं गणित नीट देते, कारण इथेच बहुतेकांचं अडतं.

हमीभावाच्या खरेदीत तुरीला १२ टक्के ओलावा चालतो, तोच पाया धरा. समजा १०० किलो तुरीत १४ टक्के ओलावा निघाला. कोरडा भाग ८६ किलो. तो १२ टक्के ओलाव्याच्या तुरीत ८८ टक्के असतो, म्हणून ८६ ला ०.८८ ने भागा: ९७.७ किलो. क्विंटलमागे २.३ किलो कमी धरा, हे न्याय्य आहे. आता दुसरी बाजू. तूर कडक वाळलेली, ओलावा १०. कोरडा भाग ९०, भागिले ०.८८, आले १०२.३ किलो. शेतकऱ्याला शंभराचे नव्हे, एकशे दोन किलो तीनशे ग्रॅमचे पैसे द्यायचे.

ही दुसरी बाजू कुठल्या काट्यावर पाळली जाते? ओल्याला कापतात, वाळल्याला वाढवून कुणी देत नाही. आम्ही सुरू केलं तेव्हा दीर म्हणाले, बुडू. पण दुसऱ्याच हंगामात माल वाळवून, चाळून येऊ लागला. आमचं वाळवण कमी झालं, छतावर तूर पसरायला दोन दिवस लागायचे तिथे एक लागू लागला. त्या मावशींची तूर १० टक्क्यांवर निघाली. २०० किलोंची पट्टी २०४ किलो ५०० ग्रॅमची झाली. त्यांनी पट्टी दोनदा वाचून घेतली, मग लेकाला वाचायला लावली.

सांभाळायच्या गोष्टी: ओलावामापक तुरीच्या सेटिंगवर आहे ना ते पाहा. नमुना कट्ट्याच्या वरून, मधून आणि तळातून घ्या, तीन आकड्यांची सरासरी धरा. मातीसाठी वेगळी चाळणी मारा, निघालेली माती शेतकऱ्यासमोर तोला. काट्याला वैधमापन खात्याचा शिक्का मुदतीत हवा. शेतकऱ्याकडून थेट खरेदी करत असाल तर बाजार समितीचे आणि थेट पणन परवान्याचे नियम आधी विचारून घ्या.

आम्ही इथे आपटलो

कडता सुटला त्याच उत्साहात आम्ही जाहीर केलं: पैसे काट्यावर, रोख. पूर्वी शेतकऱ्याला ३० दिवसांनी मिळायचे. पहिले दोन आठवडे गर्दी झाली. अठराव्या दिवशी तिजोरी रिकामी. पुढचे तीन आठवडे गिरणीला कुलूप, दारात परतवलेले ट्रॅक्टर.

चूक साध्या गुणाकारात होती. रोजची खरेदी २० क्विंटल, ७,००० रुपयांनी १ लाख ४० हजार. तूर आली की तेल-पाणी लावणं, वाळवणं, भरडणं, पॅकिंग यात १० दिवस जातात. डाळ घेणारा व्यापारी ३० दिवसांनी पैसे देणार. म्हणजे रुपया ४० दिवस अडकतो. १.४ लाख गुणिले ४०, ५६ लाख रुपये. आमच्याकडे होते २५ लाख.

मग आधीची इतकी वर्षं गिरणी कशी चालली? शेतकरी ३० दिवस थांबत होता म्हणून. आमचं भांडवल त्याचं होतं. विनाव्याज, विना सही, आणि त्याबद्दल त्याला कारभारात शब्द टाकायचाही हक्क नव्हता. तुमच्या धंद्यात हा पैसा कुणाचा आहे ते "किती दिवसांनी"च्या रकान्यात दिसतं. कदाचित शिलाईवाल्या बायकांचा असेल, ज्यांना महिन्याअखेर हिशेब मिळतो. कदाचित दूध घालणाऱ्याचा. वचन देण्याआधी हा गुणाकार करा. आम्ही वचन आधी दिलं.

सुटका बँकेने केली नाही, गिऱ्हाईक बदलल्याने झाली. लातुरात क्लासेसमुळे मेस किती आहेत ते सांगायला नको. मेसवाल्याला चमक नको असते, वरणाला चव आणि दर आठवड्याला ठरलेला पुरवठा हवा असतो. आम्ही बिनपॉलिशची डाळ किलोमागे दोन रुपये कमी लावून देऊ केली, अट एकच: सात दिवसांत पैसे. निम्मा माल तिकडे वळला. त्या मालाचा रुपया १७ दिवसांत परत येतो, उरलेल्याचा ४० दिवसांत, सरासरी साडेअठ्ठावीस. शेतकऱ्यांशी बसून ठरवलं की निम्मे पैसे काट्यावर, निम्मे दहाव्या दिवशी, पट्टीवर तारीख लिहून. त्यांचं थांबणं सरासरी ५ दिवस. आमची गरज उतरली साडेतेवीस दिवसांवर, म्हणजे सुमारे ३३ लाख. वरच्या ८ लाखांसाठी बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसं उचलायचं खेळतं कर्ज, पुरलं. आणि पॉलिशचं यंत्र निम्मा वेळ बंद राहिलं ते वेगळंच. धरतीचा फायदा आणि तिजोरीचा फायदा एकाच करारातून आला. असं प्रत्येक वेळी होत नाही, पण शोधलं तर सापडतं.

मोठ्या खरेदीदाराकडून पैसे अडकत असतील तर उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून सरकारकडची नोंद) करून घ्या, ती मोफत आहे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याने सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचं बिल फार तर ४५ दिवसांत चुकतं करावंच लागतं. शेतकऱ्याला भाव पडलेला असताना विकायचं नसेल तर बाजार समितीतल्या शेतमाल तारण योजनेची माहिती त्याला द्या: मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम, ६ टक्के व्याजाने, सहा महिने. तुमच्या खरेदीला यामुळे उशीर होईल. होऊ द्या.

कट्ट्याचं वजन कुणी ठरवायचं

बाजाराच्या दिवशी महिन्यातून एकदा आम्ही बैठक घेतो: दोन शेतकरी, एक हमाल, चाळणीवरची एक बाई, आम्ही दोघं. पहिल्या चार बैठकांत ती बाई एक शब्द बोलली नाही. पुरुषांसमोर, मालकांसमोर कशी बोलणार? मग मी बायकांशी चाळणीपाशीच बसून वेगळं बोलू लागले. पहिल्याच दिवशी कळलं की ५० किलोचा कट्टा दोघींनी मिळून ओढताना पाठी धरतात आणि त्यातल्या तिघी पट्टा बांधून कामाला येतात. वर्षानुवर्षं त्या माझ्यासमोर होत्या. आतल्या हलवाहलवीसाठी आम्ही ३० किलोचे कट्टे केले. बारदाना आणि शिलाईचा खर्च वाढला, तो वाढूनच गेला, कुठून भरून निघाला नाही. तरी निर्णय बदललेला नाही.

बैठकीला कुठल्या बाबतीत शेवटचा शब्द आहे ते लिहून टाका. आमच्याकडे तीन: ओलाव्याचा नियम, पैसे देण्याचे दिवस, कामाचे तास व ओझं. बाकी आम्ही ठरवतो. सगळं सगळ्यांनी ठरवायचं म्हटलं की काहीच ठरत नाही.

खरेदीवरच्या माणसाला बक्षीस कशावर मिळतं तेही बघा. आमच्याकडे "घट वाचवली" म्हणून मिळायचं. म्हणजे जो जास्त कापेल तो शहाणा! आता ते डाळीच्या उताऱ्यावर, म्हणजे क्विंटलमागे किती डाळ निघते त्यावर, आणि तक्रार नसण्यावर आहे.

मजुरीबद्दल एकच सांगते. इथल्या कितीतरी बायका ऊसतोडीला जाणाऱ्या. गिरणीचा हंगाम आणि कारखान्याचा हंगाम एकमेकांवर येतात, त्यामुळे गावात काम दिलं तर त्यांचं जाणं टळू शकतं. पण दिवाळीच्या आधी घरात रोकड लागते आणि मुकादम नेमकी तीच देतो. आम्ही मर्यादित, बिनव्याजी आगाऊ रक्कम देतो, तिच्या नावाने, तिच्या सहीने, मध्ये मुकादम नाही, आणि काम सोडलं तर घरी माणूस पाठवत नाही. दोन वेळा पैसे बुडाले. दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) आणि लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती या दोन्ही गोष्टी कायद्याने लागतात, टाळू नका.

पाणी आणि ऊन

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमच्या शेडचा पत्रा २८० चौरस मीटर. वर्षाला ६५० मिलिमीटर धरला आणि ८० टक्के हाती लागलं तर १,४५,६०० लिटर. त्या रेल्वेच्या जवळजवळ तीन वाघिणी दरवर्षी आमच्या पत्र्यावरून वाहून जात होत्या आणि आम्ही टँकर मागवत होतो. ५० हजार लिटरची टाकी बांधली, बाकी पाणी गाळून बोअरजवळच्या खड्ड्यात सोडतो. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी टाकीत घेऊ नका, पत्रा धुऊन जाऊ द्या. नवा बोअर पाडायचा मोह होईल. आपल्या काळ्या पाषाणात खोल जाऊन लागलेलं पाणी बहुधा शेजाऱ्याच्या विहिरीचंच असतं.

सौर पॅनेलचं किलोवॅटमागे रोज साधारण ४ युनिट धरा. गिरणीचा हंगाम जानेवारी ते मे, उन्हाचाच, त्यामुळे इथे हिशेब जमतो. मोटर दुपारी चालवा.

शेतापर्यंत जायचं असेल तर तूर हे आपल्या बाजूचं पीक आहे: खोल मुळं, हवेतला नत्र मातीत धरणारं, पाणी कमी. बदनापूरच्या संशोधन केंद्राचं बीडीएन ७११ किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस असलेलं वाण विचारा. लातूरच्या बोरसुरी तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तुमच्या भागात असं काही असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्या.

मालकी

इथे आम्ही अर्ध्या वाटेवर आहोत. नियम बैठकीत ठरतात, पण गिरणी दोघांच्या नावावर आहे. उद्या आमच्या मुलांनी ती विकली तर ओलाव्याचं गणित दुसऱ्या दिवशी बंद होईल. म्हणून मालकीचा विचार सुरुवातीलाच करा, नंतर जड जातं.

उत्पादक कंपनीचा, म्हणजे माल पिकवणारेच सभासद असलेल्या कंपनीचा, मार्ग आहे: किमान १० उत्पादक, पाच ते पंधरा संचालक, आणि व्यक्ती सभासद असतील तर शेअर कितीही असले तरी एका सभासदाला एक मत. नफा घातलेल्या मालाच्या प्रमाणात बोनस म्हणून वाटता येतो. पण अनुदानासाठी काढलेल्या आणि कुलूप लागलेल्या उत्पादक कंपन्या मी पाहिल्या आहेत. आधी एक हंगाम एकत्र माल विकून दाखवा, मग नोंदणी करा. सहकारी संस्थेची चाललेली आणि बुडालेली अशी दोन्ही रूपं मराठवाड्याने बघितली आहेत, त्यावर वेगळं सांगायला नको. नफा वाटायचाच नसेल तर कलम ८ ची कंपनी.

आम्ही तूर्त एवढं केलं आहे: नफ्याचे दहा भाग. चार यंत्र आणि राखीव निधीला, तीन शेतकऱ्यांना घातलेल्या क्विंटलप्रमाणे, एक कामगारांना, दोन आम्हाला. भागीदारीपत्रात लिहिलं आहे आणि बदलायला बैठकीची संमती लागते. पुढच्या पाडव्यापर्यंत गोदाम शेतकऱ्यांच्या गटाच्या नावे करायचं ठरलं आहे. वकील कागद बघत आहेत.

पहिल्या वर्षात किती करायचं

पहिल्या महिन्यात वही आणि गुणाकार. हंगामाआधी एक वाक्य आणि ओलाव्याचा तक्ता भिंतीवर, शेतकऱ्याला वाचता येईल अशा अक्षरात. हंगामात फक्त काटा आणि पैसे देण्याचे दिवस सांभाळा. पाऊस येण्याआधी टाकी. मालकीच्या कागदाला हात घाला तो दुसऱ्या वर्षी.

पाकिटावर "पर्यावरणपूरक" छापायची घाई करू नका. छापखानेवाला पानांचं चित्र घेऊन येईल, नको म्हणा. आमच्या पाकिटावर डाळीच्या नावाखाली एक ओळ असते: "शेतकऱ्याला पैसे सरासरी ५ दिवसांत." गेल्या हंगामात एकदा ते ९ दिवस झाले होते, म्हणून त्या महिन्याच्या पाकिटांवर ९ छापलं.